सव्वीस ओहम

सकाळचे अकरा, आणि दाल्विक अजून उजाडलेलं नाही.
स्वानहिल्दुर दार उघडते, तिच्यामागे हाफ्लिदी.
दोघं सत्तरीपारची, एका आईची,
एका छपराखाली, आणि तीन आठवडे
एकमेकांशी तिसऱ्यामार्फतच बोलणारी.
आज तिसरी मी.

“त्याला सांग, मीठ संपलं असेल.”
“तिला सांग, कॉइल गेली आहे.”

कॉइल त्याने मागवूनही ठेवली आहे
राजधानीहून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात,
खिडकीत, जेरेनियमच्या कुंडीशेजारी,
येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं अशा बेताने.

गुडघे टेकते. रात्रीच्या ताटांसकट मशीन लावते.
पाणी आत येतं, पंप ते घोळवतो, फवारे फिरतात,
सगळं बिनबोभाट.
अर्ध्या तासाने दार उघडून हात घालते
तर जानेवारीतल्या समुद्रात घातल्यासारखा.
साबणाची वडी डबीतच, कोपरे तेवढे झिजलेले,
आणि ताटांवर कोकराच्या चरबीची पांढरी साय.

“पूर्वी गरम निघायची ना,” स्वानहिल्दुर म्हणते,
“मी लगेच नसे मांडत फळीवर.
चाळीस वर्षं बर्फातल्या माशांचे काटे काढले या बोटांनी.
जरा वेळ ठेवायची त्यांना ताटांवर.”
हे ती मला सांगते.
हाफ्लिदी खिडकीबाहेर बघतो, जिथे अंधाराशिवाय काही नाही.

प्लग काढते. खालची पट्टी. चार स्क्रू मुकाट्याने येतात,
पाचवा गंजलेला, शिव्या खाल्ल्याशिवाय वळत नाही.
आत एक शर्टाचं बटण, वाळलेलं पास्त्याचं शिंपलं,
आणि कॉइल.
मीटरच्या दोन सुया तिच्या दोन टोकांना:
सव्वीस ओहम.
ठणठणीत.

त्याच्याकडे बघत नाही मी.
पुन्हा मोजते, उगाच, त्याच्या समाधानासाठी.
सव्वीस.
रोग रेड्याला, औषध पखालीला,
आणि औषध साडेअठरा हजार क्रोनांचं.

मग सेन्सर. वायरीच्या टोकाला चण्याएवढा जीव.
स्वयंपाकघर अठरा अंशांवर, म्हणजे त्याने दाखवायला हवेत
तेरा-चौदा हजार. दाखवतो नऊशे.
पाणी आता उकळेलच, असं हा
तीन आठवडे बोर्डाला कळवत आलाय,
आणि बोर्ड, आज्ञाधारक, कॉइलला म्हणत आलाय:
राहू दे, पुरे.

त्याला खोटारडा तरी कसं म्हणू?
या गावाखाली पाणी खरंच वाफाळतं.
आमची घरं त्यावर ऊबदार, पोहायचा तलाव त्यावर.
या मशीनला मात्र गार नळ जोडलाय
आणि तुझं तू तापव म्हणून सांगितलंय.

व्हॅनमध्ये एका भंगार मशीनचा सेन्सर सापडतो.
बसवते. बटण दाबते.
तिघं उभे राहतो, दुधावर नजर ठेवून उभं राहावं तसे.
कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.
बाराव्या मिनिटाला दाराच्या वरच्या फटीतून
वाफेचा एक धागा.

“त्याला सांग, मीठ नव्हतं.”
“तिला सांग, कॉइल नव्हती.”

हाफ्लिदी खिडकीतला खोका उचलतो,
सुऱ्यांच्या खणात ठेवतो, मावत नाही,
तिरका करून ठेवतो.
“कधीतरी जाईलच की,” तो खणाला म्हणतो.
“जाईलच,” स्वानहिल्दुर त्याला म्हणते.
त्याला. मला नाही.

मी बिल लिहायला घेते, आकडा दोनदा खोडते.
पाचवा स्क्रू खिशातच राहतो.
चारांवर चालतं.