शेरा

मामलेदार कचेरीत एकतीस वर्षं रकाने आखले,
म्हणून क्लबानं ही वही माझ्याकडे दिली.
नाव, गाव, वय, उंची, पाय कुठला,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेरा.

डिसेंबरातल्या शनिवारी फोंड्याहून स्कूटर काढायची,
बोरीचा पूल ओलांडला की सासष्टी.
कुडतरीत भात कापून झालेलं असतं,
शेतातच खांब रोवतात,
चुन्याची रेघ मेरेजवळ जरा वाकडी जाते
आणि दोन्ही गाव ती सरळ आहे असं मानून खेळतात.

त्या दिवशी मी आलो होतो नऊ नंबरासाठी.
त्यानं तीन मारले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला.
मी लिहिलं: वेग बरा. उजवाच पाय.
धसकटात चेंडू अडला की रुसतो.

आणि मग दिसला हरणाऱ्या बाजूचा डावा बॅक,
लिगोर बार्रेत, एकोणीस, पाच फूट सहा.
चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी
तो दोनदा मान वळवायचा,
हायवे ओलांडताना
धाकट्या भावाचा हात हातात असल्यासारखा.
गोल त्याचा नाही. टाळीही नाही.
ओहळात गेलेला चेंडू मात्र प्रत्येक वेळी त्यानंच आणला,
शून्य-चार असताना, धावत.

शेऱ्यात मी एकच शब्द लिहिला: पाहतो.

मडगावात हार्डवेअरच्या दुकानावर कमिटी बसते.
नेवगींचा मुलगा लॅपटॉप उघडतो,
त्यात माणसांचे ठिपके होतात,
ठिपक्यांना शेपट्या, शेपट्यांना टक्के.
कोच सहा फुटांखाली वाकून बघत नाही.
घानाच्या स्ट्रायकरची फीत लागली,
आठ मिनिटं, मागे ढोल;
फितीत कुणाचाच पास चुकत नाही.
चेअरमनच्या भाच्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
म्हणजे त्याचं ठरलं होतं.

मग माझी वही. चेअरमननी चष्मा वर केला.
‘लिगोर बार्रेत... पाहतो.
बरं, पाहा, पाहा. सावकाश कळवा.’
आणि पान उलटलं.

मी सांगायला हवं होतं
की हे क्रियापद माझं नाही, त्याचं आहे.
पण चहा आला, मिरचीची भजी आली,
आणि मी जन्मभर शेरे लिहीत आलोय,
ते वाचून दाखवायची सवय नाही.

फेब्रुवारीत भाच्याचा गुडघा गेला.
‘तो कुडतरीचा कोण तो,
तुम्ही पाहत होता ना?’

त्याच्या आईनं, पिएदादबाईंनी, लिंबूसोडा दिला
आणि बिस्किटांच्या डब्यातून काढून
मेणकापडावर ठेवला
नवाकोरा तांबडा पासपोर्ट.
आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात सापडली होती.
स्विंडनला मावसभाऊ. गोदामात रात्रपाळी.
‘क्लब कितले दिता? आनी कितलीं वर्सां?’
मी आकडा सांगितला.
बाईंनी हिशेब केला नाही. तो आधीच केलेला होता.

आता नियमाप्रमाणे हा परदेशी.
घराच्या मागच्या दारातून मैदानात उतरणारा मुलगा
घ्यायचा तर परदेशी खेळाडूंच्या रकान्यात,
आणि तिथली शेवटची जागा
त्या आठ मिनिटांनी घेतलेली.

वहीत ‘गाव’ खाली मी पेन टेकवून थांबलो.
कुडतरी. तेच राहू दे.

निघताना तो रस्त्यापर्यंत आला.
वळणावर मी स्कूटर मागे घेत असताना
त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे,
मग पुन्हा डावीकडे,
आणि हात हलवला: ‘वच अंकल, कोण ना.’

मी न बघता वळलो.