घट

हरिपूरच्या रस्त्याला, पेवाच्या तोंडाशी
मी आणि बाबालाल हमाल
कंदील दोरीनं आत सोडून बसलेलो.
वात विझली तर थांबायचं, खाली हवा नाही.
जळत राहिली की माणूस उतरवायचा.

मांडीवर वही. तवनाप्पांना आष्ट्याला
कार्ड टाकायचं होतं :
‘सप्रेम नमस्कार. आपले पेव आज रोजी उघडले.
बारा पोती निघाली. पैकी तीन ओलसर आहेत.
बाजारात मंदी आहे. कळावे.’
अठरा वर्षं हेच लिहितोय,
आकडे तेवढे बदलतात, आणि नावं.

म्हटलं, आज हेच मोजून लिहू.
पंचाखाली बोटं घातली,
सौद्यात दर धरतात तशी,
आणि एकेक अक्षर धरत गेलो.
बाबालाल म्हणाला, ‘दिवाणजी, कुणाशी सौदा चाललाय?
समोर तर कोण न्हाई.’

आधी ‘आज रोजी’मधला ‘रोजी’ गेला.
मग ‘आपले’. ‘आहेत’ आपसूक गळालं,
ढोलात फिरताना हळदीची साल गळते तसं.
‘पैकी’ सोडवेना;
त्या एका शब्दावर जन्मभर पोट भरलंय.

    पेव उघडले आज
    आत काळोख पिवळा
    तीन पोत्यांच्या ओलीने
    दाटे आमचाही गळा

यमक बसलं. जीभ खूश.
पण गळा कुठं दाटला होता?
सकाळीच मिसळ खाल्लेली, एक पाव जादा घेऊन.
तो गळा ‘पिवळा’नं ओढत आणलेला.
तवनाप्पा वाचून म्हणतील,
रडू नका दिवाणजी, घट किती ते सांगा.

खोडलं.

खालून पोती भरून येऊ लागली.
बाबालालनं एक पाठीवर घेतलं.
तोंडापासून काट्यापर्यंत आठ पावलं, रोजची.
तो चालत असताना मी मोठ्यानं वाचलं :

    तीन पोती ती भिजलेली

पोतं न उतरवताच म्हणाला,
‘एक पाऊल जादा पडतंय. काट्यावर आपटाल.’
बघितलं. दुसरा ‘ती’ फुकटचा.

    तीन पोती भिजलेली
    नऊ कोरडी, सांगतो

याच्या पुढं काही सुचलं नाही.

कार्ड जुन्याच भाषेत टाकलं, ‘पैकी’सकट.
ओळी राहिल्या वहीच्या मागच्या पानावर,
जिथं मी मालाची घट टिपून ठेवतो.

संध्याकाळी हात धुताना बाबालालनं विचारलं,
‘मग? सौदा तुटला?’
म्हटलं, नाही रे.
बोटं अजून पंचाखालीच आहेत.