लाइन आली काय

आमच्या पाचपावलीत वीज कधीच जात नाही,
लाइन जाते.
वीज ढगातली, निबंधातली, बिलावर छापलेली.
कूलरमधून गल्लीभर फिरता फिरता
जी एकदम मुकी होते
ती लाइन.

मे महिन्यात ती गेली की
अख्खी गल्ली आमच्या दाराशी:
यादोरावभाऊ, लाइन काऊन गेली?
जशी काही बाबांनीच तिला
कुठं पाहुणी धाडली होती.
बाबा घास ताटात ठेवत
आणि बनियनवरच सायकल काढत.
आई ताटावर ताट पालथं घाली, म्हणे,
माझं लगन माणसाशी लावलं का खांबाशी?

सिव्हिल लाइन्सात सगळ्या नावातच लाइनी,
तिथली मात्र क्वचितच जायची.
गेलीच तर चहा व्हायच्या आत परत.
आमची दुसऱ्या दिवशी, पाणी भरून झाल्यावर.
बाबा दोन्हीकडे
त्याच शिडीनं चढत.

दहावी झाले तेव्हा मामांनी विचारलं,
पोरगी कोणत्या लाइनले जाणार?
सायन्स, कॉमर्स, का डीएड?
बाबा म्हणाले, कोणत्याबी जाऊ दे,
अकरा केव्हीच्या तारेखालून नको.
मामांना हसू आलं नाही.
ते छोट्या लाइनला गार्ड होते, इतवारी ते नागभीड,
आणि ती लाइन आता बंद होते, मग बंद होते,
असं दर दिवाळीत कोणीतरी म्हणत असे.

पुढे बर्डीच्या बसमध्ये एक जण
माझ्यावर लाइन मारायला लागला.
मैत्रिणीनं घरी येऊन सांगितलं.
बाबांनी बशीतला चहा संपवला.
लाइन माणसाले मारते, पोरी.
माणूस कोठून लाइन मारन?
त्यांच्या डाव्या तळहातावर
रुपयाएवढी जागा आहे, गुळगुळीत, रेषांशिवाय.
तेलंगखेडीच्या जत्रेत एका हात पाहणाऱ्यानं
तिथं बोट ठेवून मान हलवली:
तुमची लाइन इथं तुटली, भाऊ.
बाबा म्हणाले, जंपर टाकून दे.

मी मराठी शिकवते आता.
पोरांना सांगते, लाइन नाही, ओळ म्हणा;
उभे राहा ती रांग, आखा ती रेषा,
वरून जाते ती तार.
एवढं सांगून पुढच्या तासाला मीच ओरडते,
ए मागचे, लाइनीत या बे!

मागच्या ऑगस्टात बाबांना मेडिकलला नेलं.
ताप डोक्यात चढलेला, वॉर्ड भरलेला,
आमची खाट दाराच्या झोतात.
सिस्टर उके ट्रे घेऊन आल्या.
आजोबा, लाइन टाकायची आहे, हात सैल सोडा.
बाबांनी हात छातीशी ओढून घेतला.
परमिट आहे काय?
दोनदा शीर निसटली. दोनदा तेच.
शटडाऊन घेतल्याशिवाय हात लावू नको, बाई,
लेकरंबाळं असतील तुले.

मी काही सांगायला तोंड उघडलं,
पण सिस्टर उके वाकल्या, त्यांच्या कानाशी,
आणि अगदी कामावरच्या आवाजात म्हणाल्या:
घेतला, भाऊ. सबस्टेशनहून फोन आला. लाइन बंद आहे.
तेव्हा त्यांनी हात पुढे केला.
डावा.

आता घरी आहेत, खुर्चीत.
तक्रार मोबाइलवर होते,
दाराशी कोणी येत नाही.
काल रात्री पुन्हा सगळं गप्प झालं.
मी टॉर्च लावून पाचवीच्या वह्या तपासत बसले.
विरुद्धार्थी शब्द लिहा.
कुठल्याशा रोहन्त गेडामनं,
डीपीच्या मागच्या घरातला,
अंधारापुढं फुली मारून लिहिलं होतं:
लाइन.

लाल पेन थोडा वेळ तसंच राहिलं.
अर्धा गुण दिला.
बाबा खुर्चीतून म्हणाले, डीओ उडाला असन.
आवाज आला नाही काय तुले?