दोन डबे

पहिल्याला इंटरनेट लागतं, दुसऱ्याला नाही.
पहिला बोललेलं ऐकतो. दुसऱ्याचा रिमोट
पडला तरी फुटत नाही.
किमतीत अकराशेचा फरक.
विश्रामबागेतल्या या काउंटरवर
रोज म्हणतो मी हे पाढे.

समडोळीचे जिन्नाप्पा मगदूम ऐकून घेतात,
मग बंडीच्या खिशातून काढतात पेनड्राइव्ह,
सुतळीत ओवलेला.
"ह्यातलं कुठला दावतोय, तेवढं बगा."

नातवाचं बारसं. जुनी कॅसेट,
मिरजेत कुणीतरी भरून दिलेली.

पहिल्या डब्यात इरकलीतली बाई,
पाळण्याची दोरी धरून नाव घेतेय.
ओठ हलतात. आवाज नाही.
दुसऱ्यात पडदा काळा ठिक्कर
आणि "जिन्नाप्पा" आख्ख्या दुकानात,
इतकं खणखणीत
की मिक्सर बघणारं गिऱ्हाईक वळलं.

"दोनी संगट लावा की."

शेजारी शेजारी दोन टीव्ही.
दोन्ही अंगठे एकदम दाबले मी,
तरी आवाज अर्धा सेकंद पुढे,
ओठ मागून.
परत लावू?
त्यांनी हात वर केला, थांब म्हणून.
"असंच हुतं तिचं.
आदी आवाज यायचा,
मग बाई दारात."

बायका हसल्या, आधी काळ्या पडद्यात,
मग रंगीत.

बिलाच्या वेळी खरं ते सांगून टाकलं:
फाइल बदलून देतो, चाळीस रुपये,
मग कुठलाही डबा चालेल, स्वस्तातला घ्या.
"आनि ते मागं-फुडं?"
ते जाईल, म्हणालो.

जिन्नाप्पा सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.
मिक्सरवाल्याला मी वॉरंटी सांगू लागलो.