पिशव्या धरणाऱ्यांसाठी

पहाटे साडेपाचला मी चढतो.
लाकडी सांगाडा, दोनशे अकरा पायऱ्या, कमरेला हातोडी.
ईरी तळ्यावरचा वारा कानात शीळ घालतो
आणि मी एकेका बोल्टवर टकटक करून विचारतो,
बरा आहेस ना बाबा?
सैल असला की तो वेगळा बोलतो.
एकतीस वर्षं आमचं हेच संभाषण.

खाली लेनोरा डोंबेक. वय सतरा.
उन्हाळ्यापुरती लाह्यांच्या गाडीवर,
एप्रनच्या खिशात लोण्यानं डागाळलेली वही.
एकदा तिनं विचारलं,
"हे असलं काही काढायचं काम कुणाला मिळतं?
त्याला कुठलं कॉलेज लागतं?"

मी काय सांगणार? मी नट आवळणारा माणूस.
वर न्यायला विमावाल्यांची बंदी,
म्हणून तिला रांगेत उभं केलं,
ऐन जुलैतल्या सव्वा तासाच्या रांगेत.
म्हटलं, राइडकडे पाठ कर. माणसं बघ.
कोण कुठल्या वळणावर गप्प होतं,
पोरगं बापाचा हात कधी सोडतं
आणि कधी गुपचूप परत धरतं,
ते लिही.

संध्याकाळी वहीत होतं:
चौथ्या वळणावर हसणं थांबतं.
तिथून साखळीची खडखड ऐकू येते
आणि दिसत काहीच नाही.

मी वही मिटून परत दिली.
पोरीचे कान तयार होते.

हिवाळ्यात पार्क बंद, तळं गोठून पांढरं.
मी शेडमध्ये चाकांचं ग्रीस बदलायचो,
ती शेजारी बसून फोम कापायची
घरून आणलेल्या पावाच्या सुरीनं.
पहिलं मॉडेल कोसळलं.
दुसरं उभं राहिलं, पण सोडलेली गोटी
पहिल्याच उतारावरून थेट माझ्या डब्यात.
"गणित," मी म्हटलं.
तिनं तोंड वाकडं केलं. मग गणितही केलं.
शाळेच्या नाटकात दिवे सांभाळले;
तिथं तिला कळलं की काळोखसुद्धा
खुर्चीसारखा उचलून नेमक्या जागी ठेवावा लागतो.

कॉलेजची चार वर्षं. दर उन्हाळ्यात पुन्हा लाह्या.
एकोणीस अर्ज गेले, अठरांचा पत्ता नाही.
एकोणिसाव्यांनी, सिनसिनाटीतल्या
चपलांच्या दुकानावरच्या कचेरीनं, बोलावलं.
मॉडेल मांडीवर घेऊन ती बसनं गेली.
वाटेत अर्धं मोडलं.
तिनं मोडलेलंच टेबलावर ठेवलं
आणि ते कुठं, का मोडलं ते सांगत बसली.
घेतलं तिला.

आम्हाला वाटलं, आता ही आभाळ उलटं टांगणार.
पहिलं वर्ष कठडे काढण्यात गेलं.
दुसरं कचरापेटीच्या झाकणात,
गांधीलमाश्यांना उघडता येणार नाही अशा.
फोनवर रडली एकदा.
मी म्हटलं, माझ्या हातून तर
एकतीस वर्षांत एकही नवा बोल्ट घडला नाही.
त्यानं तिचं काही समाधान झालं नाही.

मग आमच्याच पार्कच्या डागडुजीचं काम
त्या कचेरीला मिळालं.
तिच्या वाट्याला आली राइडच्या बाहेरची
बारा फूट रिकामी जागा.

काझिमिर डोंबेक, तिचा बाप,
पोलाद कारखान्यातून छाती धरून निवृत्त झालेला.
डॉक्टरांनी उंचीची शपथच घातली होती त्याला.
तो नेहमी तिथंच उभा असायचा,
तापलेल्या लोखंडाला टेकून,
गळ्यात चार पिशव्या, हातात कुणाचा तरी चष्मा,
डोक्यावर स्वतःची टोपी आणि तिच्यावर लेकीची.

त्या जागेत तिनं एक बाक काढलं.
लिंडनच्या सावलीत, जरा तिरपं.
तिरपं का, ते नकाशावर कुणाला कळेना.
बसून पाहिलं तेव्हा कळलं:
शेवटच्या वळणावर गाडी कलते
तेव्हा आपल्या माणसाचा चेहरा
दीड सेकंद समोर येतो.

मे महिन्यात पार्क उघडला.
काझिमिर बसला. अनोळखी लोकही
त्याच्यापाशी पिशव्या ठेवून गेले.
दीड सेकंदासाठी त्यानं हात वर केला,
चष्मा हातातच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वर चढायच्या आधी,
मी बाकाखाली वाकून हातोडी टेकवली.
पक्का होता.
तरी आणखी एकदा वाजवून पाहिला.