चौथी लाइन

यॉर्कटनच्या मॉलमध्ये, बुटांच्या दुकानाशेजारी,
रोडेलने काचेवर नकाशा पसरला.
अख्खा सस्कॅचवान गुलाबी.
म्हटलं, हा रंग भरला कुणी, बाबा?
माझ्या आईकडे, कॅनोराला,
रेंज फक्त सिंकवरच्या खिडकीत येते,
तीही फोन कपांच्या मधोमध उभा केला तर.
तो हसला. नकाशा घराबाहेरचा असतो, मॅडम.

सध्या किती लाइन?
चार.
म्हणजे कुटुंब.
हो, म्हणजे, तसंच.

काडीमोडाला तीन वर्षं झाली.
ट्रॅक्टर डेलला, पियानो मला,
फ्रीझरमधलं हरणाचं मांससुद्धा
वजनकाट्यावर ठेवून वाटलं.
फोनचा प्लॅन तेवढा कुणी वाटला नाही.
चार एकत्र असले की दर लाइनमागे बावीस डॉलर वाचतात,
आणि बावीस डॉलरसाठी डेल
हिमवादळात चालत जाईल.
वकिलांनी तोडलं ते डिस्काउंटने धरून ठेवलं:
कंपनीच्या लेखी आम्ही अजून एका छपराखाली.

पहिली त्याची. दुसरी माझी.
तिसरी किराची, विनिपेगला नर्सिंग शिकते,
तिचा डेटा वीस तारखेला संपतो, मग ती आमचा पिते.
आणि ही चौथी?
रोडेल पडद्यावर वाकला.
हिच्यावरून कुणी बोलतच नाही.

चौथी कोठाराची, म्हटलं.

पत्र्याचं गोल कोठार, आत कनोला.
वरून थंडगार दिसतो,
मधोमध कुठेतरी गुपचूप तापत असतो,
आणि कळेपर्यंत सगळा करपून जातो.
म्हणून आत एक तार सोडलीय, तारेला सिम.
गरम झालं की कोठार कळवतं. दोघांना.
तेव्हा दोघांचे नंबर दिले होते,
नंतर बदलायचे कुणी?

तर नोव्हेंबरात, रात्री दोनला,
माझ्या भाड्याच्या खोलीत उशाशी उजेड पडतो.
कोठार तीन. एकोणतीस अंश.
मी छताकडे बघत पडून राहते.
दहा मिनिटं. कधी पंधरा.
मग दुसरा उजेड: पंखा सुरू.
म्हणजे उठला. बूट सापडले.
मग मला झोप लागते.

हे मी रोडेलला सांगितलं नाही.

एकटीचा प्लॅन पंचेचाळीस डॉलर, साठ जीबी,
अमेरिकेतही चालेल.
माझं अमेरिकेत काय आहे?
नंबर तोच राहील ना?
नंबर तुमचाच, मॅडम. फक्त खातेदाराची परवानगी हवी.

काउंटरवरूनच लावला.
मागे कंबाइनची घरघर.
मी निघतेय, म्हटलं. प्लॅनमधून.
बरं, म्हणाला.
मग नुसतं इंजिन, इतका वेळ
की वाटलं, रेंज गेली.
कुठल्या कंपनीत?
निळ्या.
निळीचा टॉवर तळ्यापलीकडे कुचकामी आहे, लोर्ना.
आईकडे लागायचा नाही तुला.
सिंकवरच्या खिडकीतसुद्धा नाही.

खिडकी त्याच्या लक्षात होती.

शेवटी त्याच कंपनीत राहिले, वेगळ्या खात्यावर.
आठ डॉलर महाग.
त्याच्या फोनवर सहा आकडे आले,
ते त्याने कंबाइन थांबवून वाचले,
एकेक, लिलावात बोली लावावी तसे,
आणि मी तळहातावर लिहून घेतले.

रोडेलने पडदा माझ्याकडे वळवला.
कोठाराच्या मेसेजमधून तुमचा नंबर काढू?
एक चौकोन. त्यात एक खूण.
त्याचे पैसे पडतात का?
नाही, ते फुकट असतं.
मग राहू दे, म्हटलं.

आणि कव्हरं दाखव.
हे नको. ते जाड.