भाता
कॅम्पातल्या चर्चमध्ये इनास फुर्ताद ऑर्गन वाजवायचा,
मी मागं भाता हाणायचो. रविवारचे आठ आणे.
मुंबईत चार रेकॉर्डी केल्या म्हणे त्यानं, पियानोवर;
लेबलावर नाव बँडमास्तरचं.

मिस्सा संपून पाद्री आत वळला
की त्याचा डावा हात वाकडी वाट धरायचा,
एक सूर उशिरा, मुद्दाम,
खानापूरची पॅसेंजर यावी तसा.
"मार की रे बसवाण्णी, वारा कमी पडतोय!"

परवा खडेबाजारात, भंगारात
त्यातली एक गावली. चिरलेली.
लावली.
दुसऱ्या आवर्तनात तोच उशीर,

आणि माझा उजवा खांदा
आपोआप खाली गेला.
बायको आतून म्हणाली,
पाठ धरली काय?